तळ्याची जमीन

तातचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला, त्या दिवशी इंजिनिअर मोराताया आपल्या नव्या धक्क्यावर पाहुण्यांना मासे भाजून घालत होता. मी पलीकडच्या गावातल्या दवाखान्यातून लाँचने परत येत होते. दवाखान्यातल्या बाईने तातच्या दोन्ही चपला पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या होत्या. तिला वाटलं असेल, चपला म्हणजे जोडच द्यायचा. लाँच धक्क्याजवळून गेली तेव्हा कुणीतरी हात हलवला. आमच्या लाँचवाल्यानेही उलट हात हलवला. मी पिशवी घट्ट धरून बसले आणि ठरवलं, की हा माणूस इथून रडत जाईल. कसा ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तात म्हणजे माझे वडील. नाव बार्तोलो, पण आमच्या पाचोयमध्ये वडीलधाऱ्या पुरुषाला तात म्हणतात आणि बाईला नान. त्यामुळे सगळ्या गावाचेच ते तात होते. त्यांचा धंदा लव्हाळ्याचा. तळ्याच्या कडेला पाण्यात लव्हाळा उगवतो. त्यात प्रत्येक घराचा पट्टा ठरलेला, आणि हद्दी कुठे लिहिलेल्या नसल्या तरी सगळ्यांना पाठ. तात छातीएवढ्या पाण्यात उभे राहून वाकड्या सुरीने लव्हाळा कापायचे, वाळवायचे, आणि आई होती तोवर दोघं मिळून चटया विणायचे. कापताना मुळाला धक्का लावायचा नाही, एवढा एकच नियम त्यांनी मला शिकवला. लव्हाळ्याच्या आतलं पाणी काचेसारखं असायचं. बायका तिथूनच घागरी भरायच्या. खेकडे तिथे, माशांची अंडी तिथे, पाणकोंबड्यांची घरटी तिथेच.

मोराताया राजधानीतला. त्याने चढावरची एक जागा घेऊन शनिवार-रविवारसाठी घर बांधलं. लव्हाळ्यामुळे त्याला पोहता येईना आणि व्हरांड्यातून तळं दिसेना. मग एके दिवशी तराफ्यावर यंत्र आलं आणि आमचा पट्टा, शेजारच्या दोघांचे पट्टे, सगळं मुळासकट उपटून काठावर ढीग घातला. तात सांगायला गेले तर त्याने खिशातून नोटा काढल्या, म्हणाला, गवतच आहे म्हाताऱ्या, घे आणि जा. तातनी नोटा कुंपणाच्या भिंतीवर ठेवल्या, उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला आणि घरी आले.

त्यानंतर ती नळी. त्याच्या संडासातून निघून मांडीएवढी जाड काळी नळी खडकांतून पाण्यात सोडली होती. तिचं तोंड दगडांनी झाकलेलं. सुट्टीच्या दिवसांत घरात दहा-बारा पाहुणे असले की आमच्या पाणवठ्यावर वास यायचा. तात पुन्हा गेले, या वेळी बाटलीत पाणी भरून घेऊन. फाटकाशीच उभं राहून मोरातायाने ऐकलं आणि म्हणाला, तुमच्या बायका पिढ्यान् पिढ्या या तळ्यात साबणाने कपडे धुतात, त्याचं काय? आधी आपली घाण बघा.

त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर ते जास्त लागलं.

तातनी परत फाटक वाजवलं नाही. दुसऱ्यांच्या पट्ट्यातून लव्हाळ्याचे गड्डे मागून आणले आणि जिथून उपटला होता तिथेच परत लावायला लागले. तिथे धक्का बांधताना लोखंडी सळयांचे तुकडे चिखलात तसेच टाकलेले. एक तुकडा तातच्या पायात आरपार गेला. ते तसल्या पाण्यात आणखी दोन दिवस उभे राहिले, कारण गड्डे सुकत होते. पाय सुजला, मग काळा पडला. पुढचं सांगितलंच.

त्यानंतर तात दोन वर्षं जगले. खुर्ची तळ्याकडे ठेवली तर स्वतः हाताने सरकवून भिंतीकडे तोंड करून घ्यायचे. मोरातायाला त्यांनी एकदाही शिवी दिली नाही. ते काम त्यांनी माझ्यावर सोडलं, असं मी समजले.

ते गेल्यावर दोन महिन्यांनी मी मोरातायाकडे स्वयंपाकाला लागले.

गावाने मला सोडलं नाही. पाणवठ्यावर माझ्याकडे पाठ करून बायका मोठ्याने बोलायच्या. एक म्हणाली, बापाचा पाय घेतला, आता पोरगी त्याची चादर धुते. दुसरी म्हणाली, चादरच धुते ना गं, नक्की विचारून घे. मी ऐकून घेतलं. सांगणार काय होते? मला फक्त त्याच्याजवळ राहायचं होतं. दार कुठून उघडतं, तो कशाला घाबरतो, कशावर जीव लावतो, हे सगळं मला बघायचं होतं. सुरुवातीला डोक्यात साधे उपाय यायचे. दोनदा मी त्याच्या रश्श्यात थुंकले. दुसऱ्यांदा त्याने आणखी वाढून घेतला आणि म्हणाला, रोसेंदा, आज जमलाय. मी कोणाची मुलगी आहे हे त्याने कधी विचारलं नाही. नोकराला बाप असतो हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं.

उपाय त्यानेच आणून दिला.

आमच्याकडे भूकंपाच्या वर्षी तळ्याचा तळ कुठेतरी फाटला आणि पाणी उतरायला लागलं. मी त्याच्या पुढच्या वर्षी जन्मले. माझ्या लहानपणी काठाला काळ्या मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि सगळं गाव त्यात कांदे लावायचं. तिथला कांदा मुठीपेक्षा मोठा व्हायचा. म्हातारी माणसं सांगायची, पाणी असं पूर्वीही गेलं होतं आणि परतही आलं होतं. खडकावर पांढरी रेघ आहे, कांद्याच्या वाफ्यात उभं राहिलं तर तीन पुरुष उंच. तात म्हणायचे, ही जमीन आपली नाही, तळ्याने वापरायला दिली आहे. मागेल तेव्हा कांदे उपटायचे आणि बाजूला व्हायचं. म्हणून तिथे कुणी कधी कोंबड्यांचं खुराडंसुद्धा बांधलं नाही.

मोरातायाने तीन घरांकडून ती कांद्याची जमीन विकत घेतली. वरचं घर त्याला लहान पडत होतं, ते विकून टाकायचं होतं. पाण्याला लागून मोठं घर हवं होतं, समोरची सगळी भिंत काचेची. वास्तुकार आला, दोघांनी अंगणातल्या कठड्यावर नकाशा पसरला आणि चारी कोपऱ्यांवर माझेच कॉफीचे कप ठेवले. वास्तुकार तरुण होता, जरा घाबरट. तो परत परत खडकाकडे बघत होता. म्हणाला, पाण्याचं एकदा विचारून घेतलं पाहिजे. मोरातायाने मान वळवली. मी ट्रे घेऊन उभी होते.

"रोसेंदा, तू इथलीच ना?"

"हो साहेब. इथेच जन्मले."

"पाणी कधी इथवर आलेलं पाहिलंयस?"

माझ्या हातातला ट्रे हलला नाही, एवढं मला आठवतं.

"नाही साहेब. मी तरी नाही पाहिलं."

तो वास्तुकाराकडे बघून हसला आणि कप उचलला.

ही गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली. नान चोना माझ्या आईची मैत्रीण. पाणवठ्यावर कपडे धुवायचा पहिला दगड तिचा. मला वाटलं ती पाठीवर थाप मारेल. तिने ओला कपडा दगडावर आपटून ठेवला आणि म्हणाली, उद्या जाऊन त्याला सगळं सांग. मी म्हटलं, का सांगू? ती म्हणाली, त्याचं घर बुडेल ते कशात बुडेल, ते बघ जरा. सिमेंट, रंग, संडास, जे काही असेल ते कुठे जाईल? मी म्हटलं, नान, पाणी यायला वीस वर्षं लागतील, तोवर काय काय होईल. खरं तर मला एक वर्षही थांबायचं नव्हतं.

गावातले गवंडी त्या कामावर होते. त्यांनाही ठाऊक होतं. पाया खणताना आपसात म्हणायचे, खोल खणा रे, माशांना गारवा पाहिजे. पण त्यांना मजुरी मिळत होती आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

घर झालं. गवंडी गेल्यावर राजधानीच्या माणसांनी तळघरात जनरेटर आणि डिझेलची लोखंडी टाकी बसवली, माझ्या चुलीच्या खोलीएवढी. बागेखाली मैल्याची टाकी, कारण आता नळीवरून इतरही लोक बोलायला लागले होते. नगरपालिकेने कागद पाठवला होता. टाकी बांधली म्हणून मोरातायाने स्वतःचं कौतुक करून घेतलं. पाहुण्यांना सांगायचा, मी या तळ्यासाठी जेवढं केलंय तेवढं या लोकांनी केलेलं नाही. मी पोळलेल्या मिरचीची चटणी वाढत असायचे. त्याचं बघून राजधानीतल्या आणखी काहींनी त्या कांद्याच्या जमिनीवर, जरा वरच्या अंगाला, बंगले बांधले.

तीन वर्षं काहीच झालं नाही. काठावरच्या एका दगडावर मी खिळ्याने खूण केली होती. दर सोमवारी तो गेला की जाऊन बघायचे. पाणी खुणेच्या एक बोट वर, एक बोट खाली. मला रात्रंदिवस तळ्याचाच राग यायला लागला. वाटायचं, म्हातारे उगाच सांगायचे.

मग एका मे महिन्यात मोठं वादळ आलं. डोंगर खचले, ओढ्यांनी वाटा बदलल्या, आणि पावसाळा संपल्यावरही पाणी उतरलं नाही. खूण बुडाली. मी वरच्या दगडावर दुसरी केली. ती भर उन्हाळ्यातसुद्धा बुडाली. तेव्हा मात्र मला कळलं, की हे पावसाचं पाणी नव्हे. खालची फट बुजली होती. तळं आपल्या जागी परत निघालं होतं.

पुढचं दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं होतं. हे मी लपवणार नाही. आधी धक्का गेला. मग हिरवळ मऊ झाली आणि त्याच्या बायकोच्या चपलेची टाच रुतली. मग कागदी फुलांची वेल पिवळी पडली. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, उतरेल, पाऊस जास्त झालाय. वाळूची पोती मागवली. ती मी त्याच्याबरोबर वाहिली, मनापासून वाहिली, कारण त्याच्या तोंडावर काय चाललंय हे जवळून बघायला मिळत होतं. तळघरात पंप लावला. पंप दिवसरात्र चालायचा आणि पाणी तसंच असायचं. एका दुपारी शोकोमिल, म्हणजे आमच्या तळ्यावरचा दुपारचा वारा, जोरात सुटला, लाटा थेट काचेवर आपटायला लागल्या आणि एक काच तडकली. तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता, बूट हातात. मला म्हणाला, रोसेंदा, तू देवाला मानतेस ना, काहीतरी म्हण. मी म्हटलं, म्हणते साहेब. आणि मी खरंच म्हटलं. फक्त काय ते त्याला ऐकू आलं नाही.

तो खरोखर रडला, पण तातच्या खुर्चीसमोर रडला असता तर मला पुरलं असतं. तसं होणार नव्हतं.

शेवटी दोन लाँचमधून सामान गेलं. पलंग, फ्रिज, चित्रं. फ्रिज उचलताना मी तळघराच्या दाराशी उभी होते आणि मला त्या टाकीची आठवण झाली. डिझेल अर्धं तरी असेल. मी तोंड उघडलं. समोर मोराताया लाँचवाल्यावर ओरडत होता, चित्राला ओरखडा पडला म्हणून. मी तोंड मिटलं. त्याची आणखी एक वस्तू वाचवायला मी का मदत करू, असं मला वाटलं. तेव्हा ती वस्तू मला त्याचीच वाटली.

पाणी तळमजल्याच्या निम्म्यावर आलं तेव्हा तो यायचा थांबला. मी घरी बसले. खिडकीतून छप्पर दिसायचं. रोज सकाळी कॉफी घेऊन मी ते बघत बसायचे.

तीन आठवड्यांनी नान चोना माझ्या अंगणात आली. हातात घागर होती. तिने ती माझ्या पुढ्यात ठेवली. मी वाकून बघितलं. पाण्यावर जांभळा-हिरवा तवंग हलत होता. वास डिझेलचा होता आणि त्याच्याखाली दुसराही.

"तुझा सूड माझ्या घागरीत आलाय, रोसेंदा," ती म्हणाली. "आता तूच सांग, हे मी कुणाला पाजू?"

काय झालं असेल ते मला लगेच कळलं. अर्धी रिकामी टाकी तळघरात पाण्यावर तरंगली, तिची नळी तुटली. बागेखालच्या टाकीचं झाकण उचललं गेलं. आठवड्याभरात खालच्या आळीतली पोरं हगवणीने आडवी झाली. पाणवठ्याजवळ दोन पाणकोंबड्या पंख चिकटून मेलेल्या सापडल्या. गावातल्या कुणाला नेमकं ठाऊक नव्हतं, की टाकी कुठे आहे आणि केवढी आहे. मला ठाऊक होतं. मी पाच वर्षं तिच्या डोक्यावर स्वयंपाक केला होता.

मी त्याच दिवशी सेबेरियानोकडे गेले. तो खेकडे पकडायला बुड्या मारायचा. त्याला घराचा नकाशा जमिनीवर काडीने काढून दिला. जिना इथे, दार इथे, टाकी डाव्या हाताला, तोटी मागच्या बाजूला. तो म्हणाला, तोटी मी बांधेन, पण बाहेर आलेलं काय करणार, ते वाऱ्याबरोबर सगळ्या काठाला लागेल. त्याला अडवायला काहीतरी तरंगतं पाहिजे, आणि तेल पिणारं. दोघांच्याही डोक्यात एकच आलं. लव्हाळा. पण पाणी एवढं चढल्यावर उभा लव्हाळा आता राहिलाच कुठे होता? होता तो घराघरांत, जमिनीवर अंथरलेला.

म्हणून मी दारोदार चटया मागत फिरले. आमच्याकडे लोक चटईवर झोपतात, चटईवर बाळंत होतात, चटईत गुंडाळूनच पूर्वी पुरायचे. कुणाकडे असं अंथरूण मागायचं म्हणजे कारण सांगावं लागतं. मी सांगितलं. पहिल्या दारात जीभ अडली, दहाव्या दारात अडली नाही. मला टाकी ठाऊक होती आणि मी बोलले नाही, एवढंच प्रत्येक दारात सांगितलं. काहींनी चटई दिली आणि वर शिवी दिली. एकीने चटई माझ्या अंगावर फेकली. जी बाई माझ्याबद्दल चादरीचं बोलली होती, तिने दोन दिल्या आणि दार लावून घेतलं. एकानेही नाही म्हटलं नाही. त्यातल्या निम्म्या तातच्या हातच्या होत्या. काठाची वीण बघून मला कळत होतं.

गुंडाळ्या केल्या, दोरखंडात ओवल्या, आणि होड्यांनी त्या घराभोवती कडं टाकलं. भिजून काळ्या झाल्या की ओढून काढायच्या, नव्या टाकायच्या. सेबेरियानोने तोटी बांधली, वर येऊन पाव तास ओकत होता. उरलेलं डिझेल हातपंपाने पिंपांत काढलं. सहा दिवस लागले. काळ्या चटया डोंगरावर खड्डा खणून पुरल्या. मैल्याचं मात्र काही करता आलं नाही. तो गेला तो गेलाच. चार महिने सगळ्या बायका पहाटे वरच्या झऱ्यावर जाऊन पाणी आणत होत्या, दीड तास चढण, दीड तास उतरण. मी रोज नान चोनाची घागरही भरून आणायचे. ती दारात ठेवून घ्यायची, आत बोलवायची नाही.

मग पाण्याच्या कमिटीने बैठक बोलावली. कमिटीचे म्होरके तात बेन्तुरा, तातच्याच वयाचे. मला वाटलं होतं मला ओरडतील. त्यांनी हळू आवाजात एकच प्रश्न विचारला: कांद्याच्या जमिनीवर आता एकूण किती बंगले आहेत? मी मोजून सांगितलं, मोरातायाचा सोडून सात. प्रत्येकाला टाकी आहे? बहुतेक. आणि पाणी थांबलंय? नाही, महिन्याला चार बोटं चढतंय.

"मग त्यांना कोण सांगणार?" तात बेन्तुरा म्हणाले.

कुणी माझ्याकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळेच माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, मी सांगते. ते म्हणाले, स्वच्छ कपडे घालून जायचं, नीट बोलायचं, आणि ऐकलं नाही तर परत जायचं. शिवाय तीन वर्षं दर शनिवारी नव्या काठाने लव्हाळा लावायचा. एवढं सांगून त्यांनी पुढचा विषय घेतला. झऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या ठरवायच्या होत्या.

लव्हाळ्याचं काही नाही, ते मी तसंही केलं असतं. पण त्या सात फाटकांनी माझी कातडी सोलली. मोरातायासारखीच माणसं. त्यांच्यातल्या काहींनी त्याच्या धक्क्यावर बसून मासे खाल्ले होते. मी हात जोडून त्यांना सांगत होते, की साहेब, बाईसाहेब, तुमचं घर बुडणार आहे, टाक्या आत्ताच उपसा, सामान आत्ताच हलवा. मी त्यांची घरं वाचवत होते. एक डॉक्टरची विधवा होती, तिने सगळं ऐकून घेतलं, माझा हात धरला आणि घरी न्यायला केक दिला. तो मी कोंबड्यांना घातला. एक निवृत्त कर्नल होता. म्हणाला, तुम्हाला जमीन फुकटात परत पाहिजे, म्हणून घाबरवता. मी निघून आले. वाटेत वाटलं, बुडू दे मेल्याला. मग घागर आठवली. दुसऱ्यांदा गेले तर त्याने कुत्रा सोडला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा त्याच्या फाटकासमोर खाली बसले आणि म्हटलं, तुमची टाकी उपसेपर्यंत मी इथून उठणार नाही. दुपारपर्यंत बसले. अखेर त्याने स्वतः येऊन खडकावरची रेघ बघितली. आठ दिवसांत टाकी उपसायला माणसं आली.

सातही टाक्या रिकाम्या झाल्या, तेव्हा पाणी त्यांच्या पायऱ्यांना लागलेलं होतं.

मोराताया परत आला तो पुढच्या कोरड्या दिवसांत. बरोबर विम्याचा माणूस होता, फोटो काढत. मी शनिवारचा लव्हाळा लावत कमरेएवढ्या पाण्यात होते, त्याच्या छपरापासून हाकेच्या अंतरावर. त्याने लाँचवाल्याला माझ्याकडे वळायला सांगितलं. तो लाँचमध्येच उभा राहिला, मी पाण्यात. जरा वाळला होता.

"डॉक्टरीणबाई राजधानीत भेटल्या होत्या," तो म्हणाला. "तुझं फार कौतुक करत होत्या. तू त्यांना वेळेवर सांगितलंस म्हणे."

"हो."

"कर्नलकडे तीनदा गेलीस."

"हो साहेब."

"सगळ्यांना सांगितलंस."

"सगळ्यांना. फक्त तुम्हाला नाही."

विम्याचा माणूस कॅमेऱ्यात बघत असल्याचं सोंग करत होता.

"मी तुला विचारलं होतं, रोसेंदा."

"पाणी आलेलं पाहिलंयस का, एवढंच विचारलं होतं तुम्ही. नव्हतं पाहिलं. ज्यांनी पाहिलं होतं ते तुमच्या फाटकाशी दोनदा येऊन गेले होते."

"कोण?"

"बार्तोलो. माझे वडील. लव्हाळावाले."

त्याने आठवून बघितलं. मी त्याला वेळ दिला. हातातले गड्डे खाली ठेवून त्याचं तोंड बघत राहिले. याच क्षणासाठी मी इतकी वर्षं त्याची कॉफी गाळली होती.

"तो बाटलीवाला म्हातारा?" तो म्हणाला. मग, "पण त्याच्याशी मी काय वाईट केलं होतं?"

मी त्याला सळईचं सांगितलं. ती नेमकी कुठे पडली होती ते बोट दाखवून सांगितलं. आता तिथे तीन पुरुष पाणी होतं. पायाचं सांगितलं, त्या दिवशी तो धक्क्यावर मासे भाजत होता तेही सांगितलं, आणि खुर्ची भिंतीकडे होती ते. आवाज चढवला नाही. तो ऐकत असताना हळूहळू खाली बसला, लाँचच्या फळीवर, त्या दिवशी जिन्यावर बसला होता तसा. म्हणाला, मला कुणी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर दवाखान्याचा खर्च मी केला असता. मी म्हटलं, ठाऊक आहे, नोटा तुमच्या खिशातच असतात.

लाँचवाला म्हणाला, वारा सुटायच्या आत निघायला हवं. मोराताया उठला नाही. लाँच वळली तरी तो माझ्याकडे बघत होता, आणि जाईपर्यंत त्याने छपराकडे एकदाही पाहिलं नाही.

लोक सांगतात, सूड घेतला की मन रितं होतं, मग पस्तावा होतो. माझं तसं झालं नाही. त्या संध्याकाळी मी काळ्या घेवड्याची उसळ केली, मक्याच्या गरम भाकऱ्या थापल्या आणि पोटभर जेवले. डिझेलचं मला अजून सहन होत नाही. खालच्या आळीतली ती पोरं आता मोठी झाली आहेत, तरी त्यांच्यातलं कुणी खोकलं तरी माझा हात थांबतो. तळघराच्या दाराशी तोंड मिटलं, ते मी पुन्हा मिटणार नाही. पण कॉफीचे कप, तो नकाशा आणि तो प्रश्न पुन्हा समोर आला तर? टाकीचं सांगेन. रेघेचं नाही.

नान चोनाला मी हे असंच सांगितलं, कारण तिच्याशी खोटं बोलून उपयोग नाही. ती म्हणाली, तुला अक्कल यायची नाही. मग कपडे पिळत म्हणाली, शनिवारी पलीकडच्या टोकाला लाव, तिथे तळ मऊ आहे. साबण ती आता तळ्यात नेत नाही. वरच्या पाण्याच्या हौदावर धुते आणि नुसते खळबळायला खाली येते. आम्ही दोघींनी पिळे झाडले, आणि ती आधी निघून गेली.